वहीची कोरी पानं

आमच्या अब्बांकडे एक वही होती. हिशेबाची, लांबडी, लाल कापडाच्या बांधणीची. अब्बा अकोल्याच्या कापूस बाजारात मापारी होते. तिथूनच ती घरी आली असावी. तिच्यात खळीने चिकटवलेली कात्रणं होती, सगळी मुहम्मद अलीची. उर्दू, मराठी, इंग्रजी, मिळेल त्या पेपरातली. इंग्रजी अब्बांना वाचता येत नव्हतं, पण फोटो कळायचा. १९६४ मध्ये सनी लिस्टनला हरवून अली जगज्जेता झाला, तिथून वही सुरू होत होती. व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये किताब काढून घेतला, साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर ठेवलं, त्याची तर पाच-सहा पानं होती. मग किन्शासा, जॉर्ज फोरमन, १९७४. शेवटचं कात्रण सप्टेंबर १९७८ चं. लिऑन स्पिंक्सकडून किताब परत घेतला, तिसऱ्यांदा जगज्जेता. पुढची पानं कोरी.

"अब्बा, इसके बाद?" मी विचारायचो.

"इसके बाद अली ने खेलना छोड़ दिया, बेटा."

मी हे खरं मानूनच मोठा झालो. बी.एड.साठी अमरावतीला आलो तेव्हा वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात लॅरी होम्सचं नाव वाचलं आणि कळलं की अब्बांनी आयुष्यात आम्हाला एक खोटं सांगितलं होतं.

२ ऑक्टोबर १९८० ची ती लढत. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अली भारतात येऊन गेला होता. मद्रासला जिमी एलिससोबत त्याने प्रदर्शनाची लढतही केली होती. त्याला पाहायला जाता आलं नाही याची खंत अब्बा कितीदा बोलून दाखवायचे. ऑक्टोबरचा मात्र कधी उल्लेख नाही.

अली तेव्हा अडतीस वर्षांचा होता. होम्स तीस वर्षांचा आणि जगज्जेता. पूर्वी हाच होम्स अलीचा सरावातला जोडीदार होता, पगारावर. अलीने वजन भराभर उतरवलं होतं, पांढरे केस काळे केले होते, आरशात पुन्हा जुना अली दिसायला लागला होता. पण थायरॉइडची गोळी चालू होती, तिने अंगातली ताकद आणि घाम दोन्ही आटवले होते. त्याआधी जुलैमध्ये मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. एका पायावर नीट उड्या मारता येत नाहीत, बोट नाकाला नेमकं लागत नाही, असं अहवालात होतं. तरी परवाना मिळाला. लास वेगासच्या सीझर्स पॅलेसच्या आवारात खास रिंगण उभारलं, चोवीस हजारांवर माणसं जमली.

आणि अलीला एकही फेरी जिंकता आली नाही. तिन्ही पंचांच्या कागदावर सगळ्या फेऱ्या होम्सच्या. होम्स मारता मारता पंचाकडे बघत होता, थांबवा म्हणून. अलीचा मॅनेजर हर्बर्ट मुहम्मद मान खाली घालून बसला होता म्हणतात. दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली, तेव्हा अलीचाच जिवलग बंडिनी ब्राउन त्याचा स्वेटर धरून विनवत होता, अजून एक फेरी होऊ द्या. जिंकलेला होम्स नंतर रडला.

जून २०१६ मध्ये अलीचं निधन झालं, तेव्हा मी ही लढत पहिल्यांदा मोबाइलवर लावली. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता, घरात साफसफाई चालली होती. चौथ्या फेरीपर्यंत पाहिलं आणि बंद केलं. अली पडतही नव्हता, मारतही नव्हता. नुसता उभा होता. १९७५ मध्ये मनिलाला एडी फचने जो फ्रेझरला पंधराव्या फेरीला उठू दिलं नव्हतं; फ्रेझरला ते पटलं नव्हतं, पण फचने ऐकलं नाही. तसा माणूस लास वेगासमध्ये पहिल्या पाच फेऱ्यांत का नव्हता, हे मनात आलं. पण थांबवणार कोण? सगळ्यांचंच तर त्याच्यावर प्रेम होतं.

या खेळावरून आमच्या घरात वाद जुना आहे. अम्मी म्हणायची, चेहऱ्यावर मारायला आपल्या रसूलांनी मनाई केली आहे, मग यात कौतुक कशाचं? अब्बांकडे त्याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मक्केच्या फिकह परिषदेने १९८७ मध्ये बॉक्सिंगला नाजायज ठरवलं, हे मला माहीत आहे. आणि नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा वर्गातल्या मुलींना ती बातमी मीच वाचून दाखवली, हेही खरं आहे.

म्हणून धाकट्याने नववीत ग्लोव्हज मागितले तेव्हा मी नाही म्हणू शकलो नाही. गेल्या हिवाळ्यात अकोल्याला त्याची स्पर्धा होती. बडनेरा, मूर्तिजापूर करत आम्ही बापलेक सकाळीच पोचलो. बॉक्सिंगमध्ये अकोल्याचं नाव मोठं, शासनाची क्रीडा प्रबोधिनी तिथलीच. पोरगा गाडीतच घाबरलेला होता. समोरचा मुलगा उंच, हात लांब. पहिल्या फेरीतच कळलं होतं. दुसऱ्या फेरीत आमच्या पोट्ट्याचे हात खाली यायला लागले, दोनदा पंचाने आठपर्यंत मोजलं. विश्रांतीत सरांनी टॉवेल हातात घेतला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्याच रांगेत होतो. मी मान हलवली, चालू द्या.

का हलवली? भाचे, शेजारी, सगळे आले होते. अब्बांचं गाव होतं ते.

तिसऱ्या फेरीत नाकातून रक्त आलं आणि पंचानेच लढत थांबवली. अल्लाहचा शुक्र, इजा किरकोळ होती.

भाच्याने सगळं मोबाइलवर टिपलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. सहा मिनिटांचं आहे. मी एकदाही उघडलेलं नाही. पोरगा मात्र दहा वेळा पाहतो, थांबवून, मागे नेऊन. हात कुठे खाली येतो, पाय कुठे चुकतो, वहीत लिहून ठेवतो. त्याला त्यात काही दुखत नाही.

१९९६ मध्ये अटलांटाची ज्योत अलीने पेटवली तेव्हा आपल्याकडे सकाळ होती. टीव्हीवर तो थरथरता हात दिसला आणि अब्बा उठून बाहेर हौदाकडे गेले. नमाजची वेळ नव्हती, तरी वजू करत बराच वेळ बसले. मला वाटलं होतं, ते अलीसाठी रडताहेत.

परवा मगरिबनंतर मी पेपर तपासत होतो. मुलगा मोबाइल घेऊन शेजारी बसला.

"अब्बू, दुसऱ्या राऊंडनंतर सर मागं कोणाकडं तरी पाहतात. कोण हाय तिथं? व्हिडिओत दिसत नाही."

मी हातातला पेपर उलटला.

"नीट पाहू दे," म्हणालो, आणि पहिल्यांदा त्याच्या हातून मोबाइल घेतला.