आड आणि पोहरा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण मी दरवर्षी वर्गात समजावून सांगतो. पोहरा म्हणजे काय हे निम्म्या वर्गाला ठाऊक नसते. आड आटणे म्हणजे काय, हे मात्र आमच्या खटाव तालुक्यातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या आयांची ती लेकरे. कृष्णेचे पाणी उपसून येरळेत आणण्याच्या योजना झाल्या, दिवस पालटत आहेत, हे खरे. तरी टँकरचे पाणी वेगळे आणि घरच्या आडाचे पाणी वेगळे, ही समज इथल्या मातीतच मुरलेली आहे.

अलीकडे मला वाटू लागले आहे, की गाण्याचेही तसेच आहे.

हल्ली गाणे टँकरने येते. महिन्याचे पैसे भरले, की मोबाइलवर कोट्यवधी गाण्यांचा झरा सुरू. पण पैसे थकले की तोटी बंद. आणि पैसे न थकताही, कुणाचा कुणाशी झालेला करार संपला, की काल ऐकलेले गाणे आज जागेवर सापडत नाही. मी तक्रार करीत नाही. तहानलेल्याने टँकरला नावे ठेवू नयेत. एवढेच म्हणतो, की टँकरवाल्याला आपल्या घरचे पाणी कसे असते हे ठाऊक नसते. माझ्या वडिलांनी पन्नास वर्षांत जमवलेले गाणे त्याच्या टाकीत कोठून असणार?

आमच्या घरात माणसे चार. त्यांतली तिघे कानांत बोळे घालून आपापले गाणे ऐकतात. चौथे आमचे अण्णा. वय एकोणऐंशी, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या खोलीत एक जुना अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांतले दोन मोठे स्पीकर आहेत, आणि माळ्यावर एका ट्रंकेत ११२ कॅसेटी. कॅसेट प्लेअरचा रबरी पट्टा विरघळून चिकट झाला, त्यालाही आता दहा वर्षे होत आली. तेव्हापासून ते स्पीकर गप्प होते. आणि माझी आई गेल्यापासून अण्णाही बरेचसे गप्प झाले. गेल्या दोन वर्षांत त्यांचे विसरणे वाढले. सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवेना. डॉक्टर म्हणाले, "वयाचे आहे. त्यांना बोलते ठेवा." बोलते ठेवा म्हणजे काय करा, हे कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

उपाय सुचवला तो आमच्या चिरंजीवांनी. ते अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. "बाबा, आपण आजोबांना स्ट्रीमर करून देऊ," म्हणाले. मी मराठीचा मास्तर. प्रथम शब्दापाशीच अडलो. यंत्र काय करते ते समजले, तेव्हा वाटले, हा तर पोहरा! घरातल्या वाय-फायवरून किंवा घरच्या साठ्यातून गाणे ओढून आणायचे आणि अॅम्प्लिफायरच्या घागरीत ओतायचे, एवढेच त्याचे काम.

"मग मोबाइल ब्लूटूथने जोडला तर?" असे वाचक विचारतील. मीही विचारले होते. त्यात गाणे मोबाइलमधून वाहते. भैरवी रंगात आलेली असते आणि मधेच गॅसच्या सिलिंडरचा निरोप दोन्ही स्पीकरांतून खणखणतो. मोबाइलवाला दूध आणायला बाहेर पडला, की गाणेही त्याच्या पाठोपाठ निघून जाते. शिवाय ब्लूटूथ बहुधा आवाजाला पुन्हा दाबून, घडी घालून पाठवते. स्ट्रीमर मात्र गाणे स्वतः आणतो. मोबाइल फक्त हुकूम देतो.

या पोहऱ्याचे मूळ म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी, शाळकरी मुलांनी स्वस्तात संगणक उघडून पाहावा, हाताळावा, म्हणून तो २०१२ साली काढला. आम्ही घेतला तो त्याचा २०२१ साली आलेला धाकटा भाऊ, 'झीरो टू डब्ल्यू'. लांबी साडेसहा सेंटिमीटर, रुंदी तीन. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या वडीएवढा. त्यात वाय-फाय असते, पण स्पीकरला द्यायला चांगला आवाज नसतो. असतात ते नुसते आकडे. सीडी १९८२ साली बाजारात आली, तेव्हापासूनचा हिशेब असा, की प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी दुसरी चिमुकली पट्टी लागते. तिला डॅक म्हणतात.

दोघांमध्ये वीज पोचवणाऱ्या दोन तारा सोडल्या, तर कामाच्या तारा तीनच. एक नुसता ताल धरते. दुसरी सांगते, आत्ताचा आकडा डाव्या कानाचा की उजव्या. तिसरीवरून आकडे येतात. चिरंजीवांनी तारा जोडल्या, डॅकवरच्या 'एससीके' नावाच्या टोकावर रांगोळीच्या ठिपक्याएवढे सोल्डर टाकून ते शेजारच्या ग्राउंडला मिळवले, म्हणजे ती पट्टी आपले घड्याळ आपणच चालवते, आणि काम संपले. तबलजी, पेटीवाला आणि गवई एवढ्यांनी बैठक होते, तशातलाच प्रकार.

मला सर्वांत मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. वाय-फायवरून गाणे सलग येत नाही. आमच्या नळासारखे गुळण्या टाकत येते. मग स्पीकरमधून ते अखंड कसे वाहते? तर यंत्राच्या पोटात एक हौद असतो. आलेले आकडे आधी हौदात साठतात, आणि डॅक आपल्या ठरलेल्या गतीने त्यातून ओढून घेतो. हौद भरलेला आहे तोवर नळाने किती लहर दाखवली तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. इंग्रजीत त्याला बफर म्हणतात. वडूजच्या माणसाला हे समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बफर बांधत आलो आहोत.

दुसरी अडचण विजेची. आमच्याकडे ती जाताना सांगून जात नाही, आणि संगणक चालू असताना वीज गेली, की त्याच्या कार्डावरचा मजकूर बिघडण्याचे भय असते. म्हणून चिरंजीवांनी 'पायकोअरप्लेअर' ही फुकट मिळणारी प्रणाली निवडली. ती सुरू होताना स्वतःला पूर्णपणे स्मरणात घेते आणि मग कार्डावर लिहीत बसत नाही. वीज गेली, आली; यंत्र पुन्हा उभे.

गाण्यांची यादी ठेवणाऱ्या त्यातल्या कारकुनाची कथाही ऐकण्यासारखी आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या एका लहानशा अमेरिकन कंपनीने आपल्या संगीतयंत्रांसाठी तो घडवला. २००६ साली लॉजिटेक या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली आणि २०१२ साली ती यंत्रे बंद केली. पण कारकुनाची घडण उघडी होती, कोणीही वाचावी, दुरुस्त करावी अशी. जगभरच्या हौशी लोकांनी त्याला सांभाळले, आणि आज तो 'लिरियन' या नावाने नांदतो आहे. मालकाने सोडले तरी गावाने जगवलेल्या विहिरीसारखा!

एकूण खर्च असा: संगणक १,७०० रुपये, डॅक ४००, कार्ड ३५०, पेनड्राइव्ह ५५०, तारा वगैरे २५०, बेरीज ३,२५०. मोबाइलचा एक जुना चार्जर घरचाच. पेटी म्हणून मी फराळाचा स्टीलचा डबा पुढे केला. पण पत्र्यातून वाय-फाय शिरत नाही म्हणून तो नापास झाला. शेवटी सौ.नी मसाल्याचा जुना लाकडी डबा दिला. यंत्र तापले की अजून त्याला हळदीचा वास येतो.

पोहरा तर झाला. आता आडाकडे वळायचे होते.

पेठेतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने कॅसेट प्लेअरला नवा पट्टा घातला. तो संगणकाला जोडला, की कॅसेटमधला आवाज आकड्यांत उतरतो. पण यात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वदच मिनिटे लागतात. ११२ कॅसेटी, म्हणजे सुमारे १३० तास. गुणवत्ता न घटवता साठवले तरी ते सारे ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावते. तासांना मात्र कोणतीही पेनड्राइव्ह लहान करू शकत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि अण्णा रोज दुपारी समोरासमोर बसू लागलो. इतके सलग मी त्यांच्याजवळ शाळेत होतो तेव्हाही बसलो नव्हतो.

जुन्या फितीचा एक गुण मला तेव्हा कळला. वर्षानुवर्षे गुंडाळून राहिल्याने एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. त्यामुळे कधीकधी गाणे सुरू होण्याच्या क्षणभर आधी, शांततेत, त्याच गाण्याची अंधुक चाहूल लागते. अण्णांची मान त्या चाहुलीलाच हलायची.

खरी परीक्षा पुढेच होती. प्रत्येक गाणे साठवताना कारकून विचारतो: आर्टिस्ट कोण? आल्बम कोणता? वर्ष काय? उत्तर दिले नाही, तर तो 'ट्रॅक सात' असा शिक्का मारून मोकळा होतो. आणि नाव नसलेले गाणे ११२ कॅसेटींच्या गर्दीत असून नसल्यासारखेच. ट्रंकेतल्या कॅसेटींवरची अक्षरे बुरशीने खाल्ली होती. ती माहिती आता एकाच ठिकाणी शिल्लक होती, अण्णांच्या डोक्यात. आणि तिथलीही अक्षरे पुसू लागली होती.

गीतरामायणापाशी पहिला खटका उडाला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे त्याची ५६ गीते प्रसारित केली. शब्द आमच्या शेजारच्या माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पण त्या वेळी ती गायिली माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशा अनेकांनी. फडके सगळी स्वतः गाऊ लागले ते नंतर. आर्टिस्टच्या एका चौकटीत एवढी मंडळी कशी बसवायची?

"अण्णा, आर्टिस्ट कोण लिहू?"

"अरे, आधी गदिमा लिही. शब्द नसते तर बाकीचे काय गुणगुणत बसले असते?"

मराठीच्या प्राध्यापकाला यावर काय बोलता येणार? मी तसेच लिहिले.

सदतिसाव्या कॅसेटीवर कोणतेच अक्षर नव्हते. आत पावसाचा आवाज, आणि एक भारदस्त पुरुषी गळा. अण्णा ताठ बसले. "हे औंधचे," म्हणाले. गायनाचार्य अंतूबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या, स्मरणार्थ १९४० साली औंधला संगीतोत्सव सुरू केला. तो आश्विन वद्य पंचमीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर भरतो. अण्णा तरुणपणी दरसाल जात, मित्राचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन. "वीज गेली होती. कंदील आणला. बुवा थांबले नाहीत. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपली घोंगडी तानपुऱ्यावर पांघरली होती." सगळे आठवत होते. राग आठवत होता. गाणाऱ्याचे नाव तेवढे आठवत नव्हते.

ते अस्वस्थ झाले. "माझ्यासमोर बसून गायले ते, आणि मला नाव सांगता येऊ नये?" मी म्हटले, राहू दे. गायकाच्या चौकटीत 'औंध, पाऊस, कंदील' असे लिहून ठेवले.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांनी मला हलवून उठवले. नाव सांगितले. "लिही आत्ता. सकाळपर्यंत राहील याचा भरवसा नाही." मी दिवा लावला, संगणक उघडला आणि त्यांच्यासमोर ते नाव टंकले. पण 'औंध, पाऊस, कंदील' हे शब्द मी पुसले नाहीत. आल्बमच्या चौकटीत हलवले. त्या बैठकीला याहून चांगले नाव कोण देणार?

त्यांचे विसरणे थांबले आहे असे मी म्हणणार नाही. परवा त्यांनी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. पण संध्याकाळी त्यांच्या खोलीतले स्पीकर वाजू लागले, की कानांतले बोळे काढून चिरंजीव तिथे येऊन बसतात, सौ. पोळ्यांची कणीक घेऊन दारापाशी येतात, आणि अण्णा त्यांना ऐकवतात, त्या रात्री घोंगडी कोणी पांघरली होती ते. पेनड्राइव्हची एक प्रत बहिणीकडे ठेवायला दिली आहे. आड एकच असू नये.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरून एखादी ट्रंक खाली उतरली असेल. आमचा पोहरा साडेतीन हजारांच्या आत झाला, आणि घरात एखादा खटपट्या मुलगा किंवा मुलगी असली तर एका रविवारात होतो. त्याची चिंता करू नका. ट्रंकेतल्या गाण्यांची नावे ज्याला ठाऊक आहेत, ते माणूस आज घरात असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.

आमच्या अजून एकोणीस कॅसेटी उरल्या आहेत. रोज एक उरकू, असे मी म्हणतो. अण्णा म्हणतात, "आठवड्याला एकच घेऊ या. गीतरामायणासारखी."