पडवीतला गमबूट

मृगाचा पाऊस लागला की आमच्या रत्नागिरीकडच्या घरात तो माळ्यावरून खाली येतो आणि भात कापून उडव्या रचून होईपर्यंत पडवी सोडत नाही. कोपऱ्यात मातीत दोन दांडके रोवले आहेत, त्यांवर तो रात्रभर डोकं खाली करून असतो. काळा, गुडघ्याच्या चार बोटं खाली येणारा, टाचेवर शेणाचा हिरवट पट्टा वाळलेला. एके वर्षी तो जमिनीवर आडवा पडला होता आणि सकाळी आतून विंचू निघाला. त्याच दिवशी आजोबांनी हे दांडके तासले. तरीही पायात घालण्याआधी टाच दोनदा जमिनीवर आपटायची, ही घरातली रीत. बेडूक निघाला तर त्याला पागोळ्यांकडे सोडून द्यायचं.

स्वभावाने तो सरळ आहे, पण हट्टी. बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नाही हे त्याचं व्रत, आणि ते तो इतकं कडक पाळतो की आतला घामही बाहेर सोडत नाही. म्हणून दोन-तीन तासांनी पाय काढून पुसावा, सुती मोजा बदलावा. एवढं केलं नाही तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि त्याला घालून न घातल्यासारखंच होतं.

लावणीला तो येत नाही. शहरातून सुट्टीला आलेला भाचा हमखास त्याला घालून चिखलणी केलेल्या खाचरात उतरतो. चौथ्या पावलाला पाय वर येतो, बूट खालीच राहतो. चिखल त्याला तळव्यापासून ओढून धरतो, सोडवायला दोन माणसं लागतात. तरवा लावताना अनवाणी पायच बरा, बोटांना जमीन कळते. गमबुटाचं राज्य बांधावर, गोठ्यात, शेणखताच्या खड्ड्याशी, फवारणीच्या दिवशी. पायाला खरचटलं असेल तेव्हा तर तो हवाच. उंदरांच्या मुताने बिघडलेलं साचलेलं पाणी जखमेतून लेप्टो देतं, आणि कोकणात हा ताप कुणाला नवा नाही.

त्याचं इंग्रजी नाव वेलिंग्टन. ज्या ड्यूकवरून ते पडलं तो आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालन्याकडच्या असईत मराठी फौजांशी लढलेला. त्याचा बूट मात्र कातड्याचा होता. गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याच्या युक्तीचं अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ साली घेतलं. पुढे १८५३ साली हायरम हचिन्सनने फ्रान्समध्ये त्या रबराचे बूट काढायला सुरुवात केली. तिथला शेतकरी तोवर लाकडी पादत्राणं घालून चिखलात राबत असे. म्हणजे नाव सेनापतीचं असलं तरी हा रबरी गडी शेतकऱ्याच्या पायासाठीच वाढला. मला याचं फार अप्रूप आहे.

त्याला घरी आणताना सोयरीक जमवण्याइतकंच बघावं लागतं. दुकानात संध्याकाळी जावं, दिवसभर राबलेला पाय तेव्हा फुगलेला असतो. जाड मोजा घालूनच माप घ्यावं. टाचेमागे एक बोट जाईल इतकीच जागा असावी. चालताना टाच आत वर-खाली झाली तर घोट्याला फोड आलाच समजा. मग त्याला हातात घेऊन पावलाच्या घडीवर वाकवावा आणि बारीक चिरा दिसतात का ते पाहावं, कारण तो फाटतो तो तिथेच, नाहीतर तळ जिथे वरच्या भागाला जोडलाय तिथे. पीव्हीसीचा स्वस्त पडतो, पण लवकर ताठरतो. रबराचा महाग, मऊ, पण उन्हाला भारी नाजूक. दोघांनाही चुलीपाशी वाळवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावं.

आणि त्याला घाटात नेऊ नये. सड्यावर गुरांमागे तो हिंडेल, पण शेवाळलेल्या काळ्या कातळावर त्याची टाच सटकते, घोटा आत सैल असतो आणि ओढ्यात एकदा वरून पाणी शिरलं की पायात बादली घेऊन चढल्यासारखं होतं. सह्याद्रीच्या पावसात पाय कोरडा राहील ही आशाच सोडावी. तिथे खोल नक्षीचा तळ असलेला, नाडी घट्ट बसणारा बूट हवा. पाणी आत येणारच, ते तितक्याच लवकर निघून गेलं पाहिजे.

गमबुटाची खरी किंमत कळते ती गवतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, निम्मी पावसाळ्याच्या महिन्यांत. चावा बहुधा पायाला. आमच्याकडे फुरसं आहे, घोणस आहे. गमबूट म्हणजे कवच नव्हे, पण पोटरी आणि दात यांच्यामध्ये काहीतरी असतं.

आणि आमच्या घरात गवत कापायला जाते काकी. भातही तीच कापते, वाकून, पाय पेंढ्यात घालून. गमबूट मात्र काकांचा, नऊ नंबरचा. तिला तो डगडगायचा, म्हणून ती रबरी चपलेवरच जायची. कितीतरी वर्षं आम्ही सगळ्यांनी हे पाहिलं आणि कुणाला काही वाटलं नाही, याची मला आज लाज वाटते. गेल्या वर्षी तिच्या मापाचा मागायला गेलो तर तालुक्याच्या दोन दुकानांत सहाच्या खाली नंबरच नाही. "बायका कुठे घालतात?" दुकानदार म्हणाला. चार नंबर शेवटी जिल्ह्याच्या गावी मिळाला.

काकीने तो घातला, साडी वर खोचली, पडवीभर चार येरझाऱ्या घातल्या. "जड आहे रे," म्हणाली. मग विळा उचलून परसातल्या गवतात शिरली आणि, मी प्रथमच पाहिलं, खाली न बघता चालली.

पडवीत आता चार दांडके आहेत. धाकट्या जोडाचे दोन तिने स्वतः तासले.