पुसू नयेत अशा नोंदी

‘उजनी मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भीमेवरच्या या धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं तळाचं सुमारे 63.5 टीएमसी मृतसाठ्यात जातं आणि उरलेलं 53.5 उपयुक्त साठ्यात. टक्केवारी मोजतात ती या उपयुक्त साठ्याची. पाणी मृतसाठ्याच्या रेषेखाली उतरलं की आकडा उणे होतो. 2024च्या जूनच्या सुरुवातीला तो उणे 60च्या आसपास पोचला होता. तेव्हाही धरणात तीसएक टीएमसी पाणी होतंच, आणि ऑगस्टमध्ये तेच धरण काठोकाठ भरलं. सोलापूरकर हे सगळं एका आकड्यात वाचतो.

मशीन लर्निंगचं मॉडेल मात्र ते वाचू शकत नाही. मी डेटा सायंटिस्ट म्हणून याच जिल्ह्यातल्या पाण्याच्या आणि कारखान्यांच्या नोंदींवर काम करतो. आमच्या धंद्यातलं पहिलं काम नोंदी स्वच्छ करण्याचं. टक्केवारी म्हटलं की शून्याखालचं आणि शंभरावरचं चुकीचं समजून काढून टाकायचं, हा नेहमीचा रिवाज. उजनीला तो लावला तर उणे आकड्यांबरोबर दुष्काळ पुसला जातो. धरण भरून आकडा शंभराच्या पुढे जातो, तेव्हा पंढरपूरचा भीमाकाठ धास्तावलेला असतो. ते दिवसही पुसले जातात. उरतात ती मधली, सुखाची वर्षं. त्यांवर शिकलेलं मॉडेल सरासरीत फार अचूक दिसतं आणि नेमकं गरजेच्या वेळी मुकं होतं.

म्हणून मी मॉडेलला टक्के देतच नाही. टीएमसी देतो, पाण्याची पातळी देतो. धरणाच्या वरच्या अंगाला दौंडजवळ मोजलेला विसर्ग देतो, कारण उजनी सोलापूरच्या पावसावर भरत नाही. आपण पर्जन्यछायेतले. धरणात येणारं पाणी मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरून, तिथल्या धरणांतून सुटून येतं. आणि परीक्षा घेताना सगळ्यांत कोरडी वर्षं बाजूला काढून ठेवतो. ती न पाहता मॉडेलला ती ओळखता आली, तरच ते कामाचं.

साखर कारखान्यातही हेच. उसातून किती साखर निघेल, त्या उताऱ्याचा अंदाज बांधायचा तर तासागणिक गाळपाच्या नोंदी हाती येतात. मिल बंद होती त्या तासांपुढे गाळप शून्य. त्या ओळी निरुपयोगी वाटतात, पण त्याच वेळात गाडीतळावर तोडलेला ऊस उन्हात उभा असतो आणि त्यातली साखर घटत असते. पुढच्या पाळीत उतारा पडतो, त्याचं कारण या शून्यांत असतं. मिल थांबली की धुलाई होते, सांडपाण्याचा भार बदलतो आणि तो पेलायचा असतो शुद्धीकरण प्रकल्पाला. प्रदूषण आधी ओळखायचं असेल तर बंद तासांचा हिशेब चालू तासांइतकाच नीट हवा. तो संगणकात अनेकदा नसतो; शिफ्टच्या वहीत असतो, ‘ऊस नाही’, ‘वाफ कमी’ अशा दोन शब्दांत. त्या वह्या उतरवून घेणं हा माझ्या कामाचा सर्वांत कष्टाचा भाग आहे आणि सर्वांत मोलाचाही.

घडलं नाही त्याची नोंद किती मोलाची असते, याचा उत्तम धडा सोलापूरच्याच आभाळात मिळाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, आयआयटीएमने, ‘कायपीक्स’ प्रकल्पात 2018 आणि 2019 साली इथे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. त्यासाठी 276 ढग निवडले. त्यांतल्या कुठल्या ढगांत बीजरोपण करायचं आणि कुठले तसेच सोडायचे, हे चिठ्ठी टाकावी तसं दैवावर सोपवलं. पाऊस कमी असलेल्या मुलखात हाताशी आलेला ढग तसाच जाऊ द्यायला धीर लागतो. पण तसे सोडलेले ढग होते म्हणूनच तुलना करता आली, आणि पाऊस सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं ठामपणे मांडता आलं. नुसते बीजरोपण केलेले ढग मोजले असते, तर पडलेल्या पावसाचं श्रेय कुणीही घेऊ शकलं असतं.

उद्योग असो की पर्यावरण, मॉडेल निवडणं आता अवघड राहिलेलं नाही. चांगली साधनं फुकट मिळतात. अवघड आहे ते नोंद कुणी, कुठे, कशासाठी केली हे विचारत हिंडणं. धरणावरच्या कर्मचाऱ्याला, मिलच्या फोरमनला, शेतावर उसाची लागण लिहून घेणाऱ्या चिटबॉयला जे ठाऊक असतं, ते कुठल्याच रकान्यात बसलेलं नसतं. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी म्हणून एकच आग्रह करतो: एखादी ओळ विचित्र दिसली की ती पुसण्याआधी, ती लिहिणाऱ्या माणसाला जाऊन भेटा. दुष्काळी जिल्ह्याला आपल्या विद्येचा उपयोग व्हायचा असेल, तर त्याची वाईट वर्षं आपल्या नोंदींत शाबूत राहिलीच पाहिजेत.