थांबण्याचे सामर्थ्य

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला आज घरोघरी दिला जातो. जणू ही शक्ती म्हणजे भांडवलच. जितके अधिक, तितके बरे. शरीराचा हिशेब मात्र निराळा आहे. रोगजंतूंवर तुटून पडणे जितके आवश्यक, तितकेच वेळेवर थांबणेही आवश्यक. हे थांबणे ज्यांच्यामुळे घडते, ती पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिने शास्त्रज्ञ ‘रोधक’ म्हणून ओळखतात.

प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी एका इशाऱ्यावर कामाला लागत नाही. बँकेची तिजोरी जशी दोन किल्ल्यांवाचून उघडत नाही, तसाच हा प्रकार. परका अंश ओळखणे ही पहिली किल्ली; ‘सीडी-२८’ या प्रथिनामार्फत मिळणारी संमती ही दुसरी. पेशी चेतवली गेली की काही काळाने तिच्यावर ‘सीटीएलए-४’ हा रोधक प्रकट होतो. सीडी-२८ ज्या रेणूंना जोडले जाते, त्यांनाच तो अधिक घट्ट धरतो आणि दुसरी किल्ली मिळेनाशी होते. ‘पीडी-१’ हा दुसरा रोधक. तो १९९२ साली जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला.

या रोधकांचे मोल त्यांच्या अभावी कळते. सीटीएलए-४ नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच दगावले, असे १९९५ साली दिसून आले. त्यांच्याच पेशींनी त्यांच्याच अवयवांवर आक्रमण केले होते.

कर्करोग मात्र या संयमाचा गैरफायदा घेतो. अनेक गाठींतील पेशी पीडी-१ला चालना देणारे प्रथिन धारण करतात आणि चालून आलेली टी-पेशी जागीच थबकते. तेव्हा गाठीवर घाव घालण्याऐवजी रोधकालाच अडवावे, हा विचार अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांनी १९९६ साली उंदरांवर सिद्ध केला. २०११मध्ये त्या तत्त्वावरील पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. २०१८चे नोबेल पारितोषिक ॲलिसन आणि होंजो यांना विभागून मिळाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या त्वचेचा कर्करोग २०१५मध्ये मेंदूपर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया व किरणोपचारांबरोबर पीडी-१ला अडवणारे औषध त्यांना मिळाले. ते वयाच्या शंभराव्या वर्षापर्यंत जगले.

तथापि हे औषध प्रत्येकाला लागू पडत नाही. शिवाय लगाम सैल झाला की आतडे, यकृत, फुप्फुस वा थायरॉईड ग्रंथी यांनाही स्वतःच्याच पेशींचा दाह सोसावा लागू शकतो. म्हणून असे उपचार चालू असलेल्या रुग्णाला वारंवार जुलाब होऊ लागले, धाप लागली, तर ‘बाहेरचे काही खाल्ले असेल’ असे म्हणून घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. कर्करोगतज्ज्ञांना तत्काळ कळवावे. वेळीच औषध दिल्यास हा दाह बहुधा आटोक्यात येतो. प्रतिकारशक्ती वाढवण्याची चिंता सारेच करतात. ती आवरणाऱ्या या मूक पहारेकऱ्यांची ओळखही घराघरांत असायला हवी.