मुतखडा पडला, पुढे काय?

आमच्या मालगुंडात एप्रिल-मेमध्ये आंब्याची धावपळ असते आणि त्याच दिवसांत मुतखड्याचे रुग्णही वाढतात. बागेत दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी प्यायला विसरायचे. मग लघवी घट्ट होते, त्यातले क्षार एकत्र येतात आणि खडा तयार होतो.

काही वर्षांपूर्वी एक बागायतदार काका असेच आले. कमरेतून जांघेत उतरणारी कळ, सोनोग्राफीत ४ मिमीचा खडा. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी ते काडेपेटीतून खडा घेऊन आले. "डॉक्टर, कुळथाच्या कढणाने पाडला बघा!" मी नुसता हसलो. तिथेच माझे चुकले.

दोन वर्षांनी पुन्हा दुखू लागले तेव्हा काका घरीच कढण पीत राहिले. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. खड्याने मूत्रवाहिनी अडली होती आणि वर जंतुसंसर्ग झाला होता. त्याच रात्री रत्नागिरीला पाठवून स्टेंट घालावा लागला. थोडक्यात वाचले.

तेव्हा न सांगितलेले आता तुम्हाला सांगतो. ५ मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांत आपोआप पडतात. कॅल्शियमचा खडा कुळथाने किंवा बिअरने विरघळत नाही. कढण आवडत असेल तर जरूर प्या, पण तपासणी टाळू नका. कळ थांबली तरी सोनोग्राफी पुन्हा करा. खडा अडकूनही दुखणे थांबू शकते. लघवी गाळून खडा मिळाला तर टाकू नका, तपासायला द्या.

ताप-थंडी, न थांबणारी उलटी किंवा लघवी बंद होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठा. एकच मूत्रपिंड असेल किंवा गरोदर असाल, तर नुसत्या कळेलाही थांबू नका.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या; घाम येईल तसे वाढवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लिंबूपाणी चांगले, पण मीठ-साखर बेताची. लोणची, पापड, खारी सुकी मासळी कमी करा. पालक, अळू, काजू बेताने खा. दूध-दही मात्र बंद करू नका. त्यातले कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच अडवते.

काका आता बागेत जाताना कोयत्याबरोबर पाण्याची मोठी बाटली नेतात. तुमची बाटली भरली का?