दोन वेगांचा संसार

संगणकाचा वेग वाढवणे हा काही कला शाखेच्या विद्यार्थ्याचा विषय नव्हे, असे वर्गातील काही मित्र म्हणतील. म्हणोत बापडे! आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाआधी संगणक आला, आणि तोही कुणीतरी वापरून विकलेला. माझे थोरले बंधू जतला लग्नांचे चित्रीकरण करतात. त्या मिळकतीतून माझी फी भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची फी भरण्याची वेळ माझ्यामुळेच प्रथम आली! तेव्हा हा विषय माझाच.

यंत्रातला प्रोसेसर रायझन ५ २६००, २०१८ साली बाजारात आलेला. मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ. दादाचा आग्रह एकच, तो ४ वर न्यायचा. मोठा आकडा पाहिला की त्याला बरे वाटते. मेमरी मात्र २४०० ची, म्हणजे खरी १२०० मेगाहर्ट्झची. प्रत्येक ठोक्यात दोनदा माहिती देते म्हणून आकडा दुप्पट लिहायचा, एवढेच.

मी वहीत हिशेब मांडला. आमची मेमरी हाक ऐकल्यापासून सतरा ठोक्यांनी पहिले उत्तर देते, म्हणजे सुमारे १४ नॅनोसेकंदांनी. तेवढ्यात ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ५६ ठोके मोजून मोकळा! प्रत्यक्षात वाट याहूनही लांब असते. प्रोसेसरजवळ स्वतःचा छोटा साठा असतो म्हणून दर वेळी थांबावे लागत नाही. पण तो सरला की थांबणे आलेच. आई भाकरी थापते आणि वहिनी भाजते. चुलीचा जाळ कितीही वाढवला तरी आईचा हात आहे तेवढाच चालणार. वहिनीने मोकळ्या तव्याकडे बघत बसायचे.

पूर्वी हे सारे एकाच दोरीला बांधलेले असे. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए मध्ये ६६ चा बस-वेग १०० केला की साडेचारच्या पटीने ३०० चे ४५० होत; मात्र मेमरीलाही १०० झेपावे लागे. आमच्या रायझनमध्ये गुणक वेगळा बदलता येतो; पण गाभ्यांच्या दोन गटांना जोडणारा आतला रस्ता मेमरीच्याच ठोक्यावर चालतो. मेमरी वाढवली की तो रस्ताही आपोआप वेग घेतो. म्हणून माझे म्हणणे, आधी मेमरी.

पण वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जतचा एप्रिल, वर पत्रा! दादाला हे पटले नाही. तो म्हणाला, "बंद पडलं तर परत सुरू करू." बंद पडणे परवडले हो! मेमरीतला एक बिट गुपचूप उलटला आणि फीत बिघडली, तर कुणाचे लग्न पुन्हा लावायचे? पाठवणीच्या वेळी रडणारी आई दुसऱ्यांदा तशी रडत नाही.

मग रात्री तपासणी. ३२०० वर पडद्यावर लाल ओळी आल्या. ३०६६ वर पहाटे एकच चूक दिसली. दादाच्या मते ती चूक नव्हेच! २९३३ वर चार फेऱ्या स्वच्छ निघाल्या. प्रोसेसर ३.९ वर ठेवला. एका लग्नाची फीत तयार व्हायला ४१ मिनिटे लागत, आता ३६ लागतात. त्यातला मोठा वाटा प्रोसेसरचाच, हे दादाने मला दोनदा ऐकवले. खरे आहे ते. ३०६६ साठी तो अजून भांडतो आहे. मी मात्र लग्नसराई उलटल्याशिवाय हात लावणार नाही.