सावलीचे अंगण

आमच्या अंगणाला बाग म्हणावयाचे धाडस आम्ही आजवर केलेले नाही. वसईतील जुन्या घरापुढे उरलेली जेमतेम बारा फूट लांब व आठ फूट रुंद अशी ती जागा. एका कोपऱ्यात दगडी क्रूस आणि त्याच्या पायथ्याशी आईने लावलेला मोगरा. मे महिन्यात, म्हणजे पवित्र मारियेच्या महिन्यात, त्या मोगऱ्याची फुले आल्तारावर वाहिल्याशिवाय घरात सायंकाळची रोझरी सुरू होत नसे. आई ख्रिस्तवासी झाली तरी हा नेम मोडला नाही. मोडला तो २०११ साली, शेजारची वाडी विकली जाऊन आमच्या दक्षिणेस चार मजली इमारत उभी राहिली तेव्हा.

त्यानंतरची काही वर्षे आम्ही जे केले, त्यास बागकाम न म्हणता दफनविधी म्हणणे अधिक योग्य ठरेल. गुलाब तीनदा आणला. तिन्ही वेळा नाताळच्या सुमारास पाने पिवळी पडून गळाली. शेवंती कळ्यांसकट काळवंडली. जास्वंद जगली, पण फुलली नाही. प्रत्येक वेळी आम्ही रोपे विकणाऱ्यास, खतास, क्वचित येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीसही दोष दिला. कोमेजलेले झाड पाहिले की आमचा हात बादलीकडे जाई. आणि उन्हावाचून माती आधीच ओली, त्यात मुळे कुजत. निम्मी झाडे आमच्या मायेनेच मेली.

चूक कोठे होते आहे हे ध्यानी आले ते एका डिसेंबरात. आम्ही रोपे नेहमी मेअखेरीस आणीत असू. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत वसईत माध्यान्हीचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेस कललेला असतो. त्यामुळे इमारत दक्षिणेस असूनही अंगणात ऊन दिसे व आम्ही फसत असू. डिसेंबरअखेरीस तोच सूर्य भर दुपारी दक्षिण क्षितिजापासून अवघ्या ४७ अंशांवर राहतो आणि बारा मीटर उंच भिंतीची सावली अकरा मीटरपर्यंत पसरते. आमचे अंगण त्यात बुडूनच जाते. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन हवे. ज्या हिवाळ्यात त्याने बहरावयाचे, नेमक्या त्याच हिवाळ्यात आम्ही त्याला छायेत कोंडीत होतो.

हे गणित शेजारच्या एका वृद्ध मावशींना मोठ्या अभिमानाने ऐकवले, तेव्हा त्या हसल्या. त्यांचे सारे आयुष्य पानमळ्यात गेलेले. म्हणाल्या, ‘‘मास्तर, पानवेलीला कडक ऊन लागले तर ती करपते. सावली आहे म्हणून रडता कशाला? सावलीचे झाड लावा की!’’ पानमळ्यातला गारवा आम्ही लहानपणापासून अनुभवलेला. तरी ही साधी गोष्ट आम्हांला सुचली नव्हती.

मग प्रश्न आला मोगऱ्याचा. उजेडाच्या शोधात त्याने लांबलचक काटक्या सोडल्या होत्या. कळी मात्र नाही. पत्नीने दोन वर्षे आम्हांला कुदळ लावू दिली नाही. ‘‘आईंचे झाड आहे,’’ एवढेच ती म्हणे, आणि खरे सांगावयाचे तर तिचा विरोध आम्हांला हवाच होता. अखेर एका जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, मुळांभोवतीच्या मातीसह तो काढला व धाकट्या बहिणीच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत नेऊन ठेवला. त्या रात्री क्रुसापाशी मेणबत्ती लावताना खड्ड्याकडे पाहवेना.

त्याच खड्ड्यात आम्ही सोनटक्क्याचे कंद लावले. त्याला ओलसर माती व अर्धवट सावली मानवते. मावशींनी दिलेली पानवेल भिंतीवर चढली, क्रुसाच्या चौथऱ्याभोवती नेचे आपणहून आले. भुईचाफा तर उन्हाळ्यात पानांवाचून थेट भुईतून फूल काढतो. पावसाळ्यानंतर त्याची पाने सुकली तेव्हा आणखी एक मरण पदरी आले असे समजून आम्ही तो उपटणारच होतो! ब्रह्मकमळ एका पानापासून रुजले. याहून अधिक काही लावावयाचे नाही, असे पत्नीने बजावले आहे.

सोनटक्क्याने पहिल्या वर्षी नुसती पाने दिली. दुसऱ्या वर्षी ३० ऑगस्टला मारियेच्या जन्मोत्सवाची नोव्हेना सुरू झाली, तेव्हा टोकाशी एक हिरवा कोंब दिसत होता. सहाव्या दिवशी सायंकाळी रोझरी चालू असताना दारातून सुगंध आत आला. पत्नी जपमाळ हाती घेऊनच बाहेर गेली. पांढरे फूल आल्तारावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते मलूल झाले, पण सायंकाळी त्याच कोंबातून दुसरे उमलले होते.

मे महिन्यात बहिणीकडून मोगरा येतो. केळीच्या पानात बांधलेला असतो. आई बांधीत असे तसाच.